तिघांना फोन करा

शिवणाच्या डब्यातली मोजपट्टी आज रात्री बाहेर काढा. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या पोटाचा घेर मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड, या दोहोंच्या मधोमध पट्टी धरा. श्वास सोडा, पोट आत ओढू नका, मग आकडा वाचा. पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच, आणि बाईचा ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, याच्या वर गेला असेल तर पुढचे सगळे तुमच्यासाठी लिहिले आहे. पँटच्या नंबरावर विसंबू नका. पोट वाढले की पँट त्याच्या खाली सरकते आणि नंबर तोच राहतो.

‘मी काही एवढी जाड नाही,’ असे म्हणून पट्टी ठेवून देऊ नका. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला होता. एक लंडनचे जॉन युडकिन, दुसरे आपल्या पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक. उंचीच्या मानाने दोघांचे वजन तंतोतंत सारखे, बीएमआय २२.३. दोघेही बघायला सडसडीत. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपली शरीरे अशी आहेत. हातपाय बारीक राहतात आणि चरबी पोटात, यकृताभोवती साठत जाते. म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ झाला की डॉक्टर सावध करतात आणि २५ ला लठ्ठपणा धरतात. आरशाला हे कळत नाही. पट्टीला कळते.

आणि वेळ थोडा आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मदतीने झालेल्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले. देशात मधुमेहाचे १० कोटी १० लाख लोक. आणखी १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर. या उंबरठ्यावरच्या माणसाला काही दुखत नाही, खुपत नाही. तो रोज कामाला जातो, लग्नात जेवतो, मुलांना शाळेत सोडतो. तो तुमचा भाऊ असेल. तुम्ही स्वतः असाल.

हा आजार एका माणसाचा राहत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. मूत्रपिंडे थकली तर आठवड्यातून दोनदा-तीनदा डायलिसिसला न्यायला मुलालाच रजा काढावी लागते. नजर गेली तर हात धरून न्यायला सून लागते, नात लागते. गुडघे वजनाने झिजले की आई देवळात जायचे सोडते, मग शेजारी जायचे सोडते, मग खुर्चीतूनच घर चालवते. चाळिशी-पंचेचाळिशीतल्या बापाला हृदयविकाराचा झटका आला की मुलांच्या शिक्षणापासून घराच्या हप्त्यापर्यंत सगळे एका रात्रीत डळमळते.

पण उंबरठ्यावरून मागे फिरता येते. २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाने हे दाखवून दिले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांसमोर दोनच उद्दिष्टे ठेवली होती. वजन सात टक्के उतरवायचे आणि आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालायचे. या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. गोळी घेणाऱ्या गटात ते ३१ टक्क्यांनी घटले. सात टक्के म्हणजे किती? तुमचे वजन ७५ किलो असेल तर सव्वापाच किलो. एवढेच. कॉलेजातल्या फोटोतली अंगलट परत मिळवायची नाही. सव्वापाच किलो उतरवायचे.

नंतर चेन्नईत असेच काम झाले, आणि ते गटात झाले. वर्ग एकत्र, व्यायाम एकत्र, ज्यांना गरज पडली त्यांना औषधही. तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण ३२ टक्क्यांनी कमी आढळले. आपल्यासारखीच भात-पोळी खाणारी, नोकरी-संसार सांभाळणारी माणसे होती ती.

मग आपण का अडतो? कारण आपण एकेकटे निघतो. सोमवारपासून साखर बंद, असे मनात ठरवतो आणि कुणाला सांगत नाही. बाई घरच्यांसाठी सगळे रांधते आणि स्वतःसाठी वेगळी भाकरी टाकते. चार दिवस जमते. पाचव्या दिवशी कुणाचा तरी वाढदिवस येतो. ‘एवढंसं घे गं, एका तुकड्यानं काय होतंय?’ असे प्रेमाने म्हणणाऱ्या सगळ्यांशी तिला एकटीनेच झगडायचे असते. मग हरल्याची लाज वाटते, आणि त्या लाजेपोटी पुढची दोन वर्षे ती काट्याकडे फिरकत नाही. यात तिच्या मनाच्या दुबळेपणाचा काही संबंध नाही. तिला सोबत नव्हती.

सोबतीने किती फरक पडतो, हे मोजले गेले आहे. अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास आहे. वजन उतरवण्याच्या चार महिन्यांच्या कार्यक्रमाला काही लोक एकटे आले, काही जण तीन मित्र किंवा नातेवाईक घेऊन आले. एकट्याने आलेल्यांपैकी ७६ टक्क्यांनी कार्यक्रम पुरा केला. सोबत घेऊन आलेल्या आणि एकमेकांना धरून ठेवायला शिकवलेल्यांपैकी ९५ टक्क्यांनी पुरा केला. त्याहून मोलाचे पुढे आहे. सहा महिन्यांनंतर उतरवलेले वजन जसेच्या तसे राखणारे एकट्यांमध्ये २४ टक्के होते आणि सोबतीने आलेल्यांत ६६ टक्के.

म्हणून विनंती एकच. तिघांना फोन करा. या आठवड्यातच करा. तुम्ही धरून चौघे झालात की गट झाला.

माणसे शोधायला लांब जाऊ नका. भिशीच्या मैत्रिणी आहेत. भजनी मंडळ आहे, बचत गट आहे, सोसायटीतल्या सकाळी दुधाला उतरणाऱ्या बायका आहेत. ऑफिसात डबा एकत्र उघडणारे चौघे आहेत. १९६१ साली न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या जीन निडेच या गृहिणीनेही तेच केले. तिचे वजन ९७ किलोच्या घरात होते. दवाखान्यातून आहाराचा कागद मिळाला होता, पण रात्री लपवून बिस्किटे खाण्याची सवय सुटत नव्हती आणि दवाखान्यात ते सांगण्याची हिंमत होत नव्हती. तिने सहा मैत्रिणींना घरी बोलावले आणि त्यांना सांगितले. त्यांनीही आपापले सांगितले. पुढे त्याच बैठकीतून ‘वेट वॉचर्स’ ही जगभर पसरलेली संस्था उभी राहिली. आपल्याला संस्था नको आहे. ती पहिली बैठक तेवढी हवी आहे.

बैठक कशी घ्याल? आठवड्याचा एक वार आणि एक वेळ ठरवा आणि ती मोडू नका. रविवारी सकाळी चहाच्या आधीची वेळ उत्तम. काटा एकच ठेवा, दर वेळी तोच. पायांत चप्पल नको, अंगावर हलके कपडे हवेत. ज्याचा आकडा त्याच्याच वहीत जाईल. तो मोठ्याने वाचायची सक्ती कुणावरही करू नका, मागच्या आठवड्यापेक्षा किती फरक पडला एवढेच सांगितले तरी पुरे. मग प्रत्येकाने या आठवड्यात काय जमले ते सांगा आणि कुठे अडले तेही सांगा. ऐकणाऱ्यांनी आधी ऐका. ‘अगं, तू मन घट्ट कर’ असा उपदेश त्या बैठकीत कुणी कुणाला करू नका. त्याऐवजी विचारा, ‘उद्या संध्याकाळी पाच वाजता भूक लागली तर तू काय खाशील?’ फुटाणे, ताक, एखादा पेरू. उत्तर असे ठोस असले की ते पाळता येते.

दर आठवड्याला एकच गोष्ट बदला. पहिल्या आठवड्यात चहा घ्या. दिवसाला चार कप आणि कपात दोन चमचे साखर म्हटली तर महिन्याला किलोभराहून अधिक साखर होते, एकट्या माणसाची, नुसत्या चहातून. चौघांनी मिळून ती अर्ध्यावर आणा. दुसऱ्या आठवड्यात तेल. माणशी महिन्याला अर्धा लिटर पुरते, असे आहारतज्ज्ञ सांगत आले आहेत. चार माणसांच्या घरात दोन लिटर. महिन्याच्या एक तारखेला दोन लिटर वेगळे काढून ठेवा आणि ते कुठवर जाते ते मैत्रिणींना सांगा. तिसऱ्या आठवड्यात ताट. आधी कोशिंबीर आणि मुगा-मटकीची उसळ वाढून घ्या, मग भाकरी, भात शेवटी आणि थोडा. परदेशी धान्ये आणि महागडे डबे लागत नाहीत. ज्वारी, बाजरी, ताक, पालेभाजी आपल्या घरात आहेच.

पावडरीचे डबे विकणारी व्यक्ती गटात आली तर तिला प्रेमाने सांगा, तू ये, डबे घरी ठेव. विक्री आत आली की खरे बोलणे बाहेर जाते.

आणि जीभ सांभाळा. ‘किती सुटलीस गं!’ हे वाक्य या गटात कायमचे बंद करा. घरातही बंद करा. नवऱ्यांनो, सासूबाईंनो, हे तुम्हालाही आहे. टोमण्याने कुणाचे वजन उतरत नाही. ती चालायला निघाली की अर्धा तास गॅसपाशी तुम्ही उभे राहा. तिच्या ताटात वाढताना आग्रह करू नका. तुमची माया दाखवायला दुसऱ्या शंभर वाटा आहेत.

पुरुषांशी वेगळे बोलतो. तुम्ही पर्वतीच्या पायऱ्यांवर, शिवाजी पार्काच्या कट्ट्याभोवती, गावाबाहेरच्या रस्त्यावर चालताच. गट तुमचाही आहे. पण चालून झाल्यावर तो गट नाश्त्याच्या गाडीकडे वळतो, तिकडे वळू नका. एका माणसाने ‘आज नको’ म्हटले तर तो एकटा पडतो. चौघांनी म्हटले तर सगळे सरळ घरी जातात. आणि बोला. गुडघा दुखतो, धाप लागते, रात्री घोरणे वाढलेय, हे पुरुष एकमेकांना सांगत नाहीत. बायकोला तर मुळीच सांगत नाहीत. निदान सोबत चालणाऱ्याला सांगा.

काही बाबतीत मात्र स्वतःच्या मनाने काही करू नका. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना भेटा, रक्तातली साखर एकदम उतरू शकते. छातीत दुखत असेल तर चालायला लागण्याआधी तपासून घ्या. गरोदर बाईने वजन उतरवायला निघू नये. वाढत्या मुलांना काट्यावर उभे करू नका, त्यांना सोबत खेळायला न्या. आठवड्याला अर्धा किलो उतरला तरी पुष्कळ झाले. कडक उपास धरू नका. एकादशी अन् दुप्पट खाशी, हे आपल्या पूर्वजांनी उगाच म्हटलेले नाही. साबुदाणा, दाण्याचा कूट आणि तूप पोटात जातच असते.

किती दिवस? सोळा आठवडे तरी धरा. चार महिन्यांचा नेम आपल्याला नवा नाही. आपल्या आज्या-पणज्या चातुर्मासात तो पाळत आल्या, आणि एकमेकींच्या साक्षीने पाळत आल्या. पण सोळा आठवड्यांनी बैठक बंद करू नका. ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काहींना नुसती माहितीपुस्तिका दिली, काहींना बारा आठवडे गटात पाठवले, काहींना वर्षभर. वर्षअखेरीस पुस्तिकावाल्यांचे सरासरी सव्वातीन किलो उतरले होते, बारा आठवडेवाल्यांचे पावणेपाच आणि वर्षभर जाणाऱ्यांचे पावणेसात. दिवाळी येईल, लग्नसराई येईल, काटा वर जाईल. त्या रविवारी तर नक्की जा. ज्या आठवड्यात तोंड दाखवू नये असे वाटते, त्याच आठवड्यासाठी हा गट केलेला असतो. एखादी आली नाही, तर संध्याकाळी तिच्या दारावर जा. का आली नाहीस, असे विचारू नका. चल, एक फेरी मारून येऊ, म्हणा.

आता नावे लिहा. दोन नावे चटकन सुचतील, ती हसतखेळत हो म्हणणाऱ्यांची असतील. तिसरे नाव विचार करून लिहा. तुमच्या ओळखीत एक बाई अशी आहे, जी हल्ली हळदीकुंकवाला येत नाही. फोटो काढताना मागे सरते. जिन्यात भेटली तर आधी तुम्हाला पुढे जाऊ देते, कारण तिला मधल्या पायरीवर थांबावे लागते. तिला फोन करू नका, तिच्या घरी जा. वजनाचा विषय तुमच्यापासून काढा, तिच्यापासून नको. ‘मला एकटीला जमत नाही, तू सोबत येशील का?’ असे विचारा. ती बहुधा नाही म्हणेल. गुडघ्याचे कारण देईल, मुलाच्या परीक्षेचे देईल. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा.