घटस्फोटाची फाईल कुलपात, पण नाव सर्चमध्ये: कौटुंबिक न्यायालयाचं रेकॉर्ड कोणाला मिळतं आणि कसं?

स्थळ आलं की आधी इन्स्टाग्राम बघायचं, मग लिंक्डइन. आता त्यात तिसरी पायरी आली आहे: ई-कोर्ट्स ॲप उघडून मुलाचं किंवा मुलीचं नाव टाकायचं. ॲप फुकट आहे आणि सर्च करायला वकील लागत नाही. दुसरीकडे, ज्याची स्वतःची केस आहे त्याला मात्र स्वतःच्याच निकालाची प्रत कुठून आणायची हे माहीत नसतं.

हा उलटा प्रकार का झाला आणि त्यात तुम्ही काय करू शकता, ते बघू. उदाहरण सातपूरचं घेऊ, पण महाराष्ट्रात जिथे जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे हेच लागू पडतं.

आधी केस कुठे आहे ते ठरवा

सातपूर नाशिक महापालिकेच्या हद्दीत येतं, म्हणजे इथल्या माणसासाठी कोर्ट नाशिकचं कौटुंबिक न्यायालय. पण केस तिथेच असेल असं नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९ प्रमाणे लग्न जिथे झालं, नवरा-बायको शेवटचे एकत्र जिथे राहिले, किंवा समोरची बाजू जिथे राहते, तिथे अर्ज करता येतो. पत्नी अर्ज करत असेल तर ती सध्या राहते तिथेही. सातपूर एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या कितीतरी जणांचं गाव धुळे-जळगावकडे आहे. पत्नी माहेरी गेली असेल तर केस तिकडच्या कोर्टात असू शकते.

दुसरी गोष्ट, घरातला प्रत्येक वाद कौटुंबिक न्यायालयात जात नाही. घटस्फोट, मुलांचा ताबा आणि पोटगी तिथे चालतात. पण कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा अर्ज सहसा न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो. पूर्वीचं ४९८-अ, म्हणजे आताच्या भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, हाही फौजदारी कोर्टाचा विषय. एकाच जोडप्याच्या तीन केसेस दोन कोर्टांत असू शकतात. 'रेकॉर्ड नॉट फाऊंड' आलं की केसच नाही असं समजू नका.

ॲपमध्ये शोधताना लोक कुठे अडकतात

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे सीएनआर नंबर. हा १६ अक्षर-अंकांचा असतो: सुरुवातीला राज्य आणि जिल्ह्याचं कोड, मग कोर्टाचं कोड, पुढे सहा आकडी क्रमांक आणि शेवटी वर्ष. केस दाखल झाली की हा नंबर पडतो आणि केस संपेपर्यंत तोच राहतो. तुमची केस असेल तर वकिलांकडून हा नंबर आधी मागून घ्या आणि फोनमध्ये सेव्ह करा.

सीएनआर नसेल तर नावाने शोधावं लागतं, आणि इथे दोन अडचणी येतात.

पहिली, जिल्ह्यांच्या यादीत 'नाशिक' निवडून लोक शोधत बसतात. महाराष्ट्रातल्या कौटुंबिक न्यायालयांचा त्याच यादीत वेगळा पर्याय आहे. आधी तो निवडायचा, मग त्यातून नाशिक.

दुसरी, नावाचं स्पेलिंग. नोंद इंग्रजीत असते आणि टाईप करणाऱ्याने जे केलं ते कायम राहतं. 'सोनवणे' मध्ये डब्ल्यू आहे की व्ही, मधला ए आहे की नाही, एवढ्यावर निकाल बदलतो. पूर्ण नाव टाकण्यापेक्षा आडनावाची पहिली काही अक्षरं टाका, वर्ष बदलून बघा, आणि समोरच्या पक्षाच्या नावानेही शोधा.

केस सापडली की नंबराआधी एक इंग्रजी अक्षर दिसेल. महाराष्ट्रातल्या कौटुंबिक न्यायालयांत 'ए' म्हणजे घटस्फोटासारखी वैवाहिक नात्याची याचिका, 'डी' म्हणजे मुलांचा ताबा, 'ई' म्हणजे पूर्वीच्या कलम १२५ खालची पोटगी आणि 'एफ' म्हणजे परस्पर संमतीचा घटस्फोट. 'ई' बद्दल लक्षात ठेवा की या कलमाखाली म्हातारे आई-वडीलही मुलाकडून पोटगी मागू शकतात. म्हणजे एखाद्याचं नाव 'ई' केसमध्ये दिसलं म्हणून त्याचं लग्न मोडलं असं होत नाही.

स्क्रीनशॉट म्हणजे निकाल नव्हे

ॲपवर केसची स्थिती आणि पुढची तारीख कळते. पण पुनर्विवाहाची नोंदणी, पासपोर्टवरून जोडीदाराचं नाव काढणं, बँक किंवा परदेशी व्हिसा, अशा कामांना लागते ती कोर्टाची प्रमाणित प्रत, म्हणजे शिक्का आणि सही असलेली नक्कल.

ती मिळवायची पद्धत अशी: कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज द्यायचा. त्यात केसचा प्रकार, नंबर, वर्ष, दोन्ही पक्षांची नावं, निकालाची तारीख आणि नेमका कोणता कागद हवा ते लिहायचं. निकालपत्र आणि डिक्री हे दोन वेगळे कागद आहेत, दोन्ही मागा. अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि पानांप्रमाणे पैसे भरावे लागतात. केस जुनी असेल तर फाईल रेकॉर्ड रूममधून काढावी लागते, म्हणून वेळ जास्त लागतो.

दोन गोष्टी बऱ्याच जणांना माहीत नसतात. एक, हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३(४) प्रमाणे घटस्फोटाची डिक्री झाली की तिची एक प्रत दोन्ही पक्षांना मोफत द्यायची असते. दोन, नकलेवर अर्जाची, प्रत तयार झाल्याची आणि दिल्याची तारीख असते. अपील करायचं असेल तर नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस मुदतीतून वगळले जातात, आणि ते याच तारखांवरून मोजतात. त्यामुळे ते पान फेकू नका.

दुसऱ्याची फाईल मागता येते का?

'आरटीआय टाकतो' हे उत्तर इथे चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात स्पष्ट केलं की कोर्टाच्या कागदांच्या प्रती माहिती अधिकारातून नाही, कोर्टाच्या स्वतःच्या नियमांनीच मागायच्या. त्या प्रकरणातल्या नियमांप्रमाणे केसशी संबंध नसलेल्या माणसाला कारण सांगणारं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. आपल्याकडेही तिऱ्हाइताला कारण द्यावंच लागतं, आणि 'स्थळ बघतोय' हे कारण पुरेल अशी आशा धरू नका.

वैवाहिक केसमध्ये तर दार आणखी घट्ट बंद आहे. हिंदू विवाह कायद्याचं कलम २२ म्हणतं की सुनावणी बंद दाराआड होईल आणि तिच्याबद्दलचा मजकूर छापणं किंवा प्रसिद्ध करणं बेकायदा आहे. अपवाद फक्त उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा, तोही कोर्टाच्या परवानगीने. दंड किती? १,००० रुपयांपर्यंत. लग्न दुसऱ्या कायद्याखाली झालं असेल तर कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ चं कलम ११ आहे. त्याप्रमाणे एका पक्षाने मागितलं तरी सुनावणी बंद दाराआड घ्यावी लागते.

मग नाव सर्चमध्ये कसं येतं?

खरा प्रश्न इथे आहे. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर कायद्याने डॉक्युमेंटला कुलूप लावलं, पण इंडेक्स उघडा राहिला. काही ठिकाणी संवेदनशील केसमधली नावं झाकतात, पण जिथे झाकत नाहीत तिथे पक्षकाराचं नाव, केसचा प्रकार आणि तारखा एवढंच कोणाच्याही आयुष्याबद्दल बरंच काही सांगून जातं. पूर्वी त्यासाठी कोर्टात जाऊन नोटीस बोर्ड वाचावा लागायचा. आता सातपूरच्या रिक्षात बसून दोन मिनिटांत होतं. कलम २२ लिहिताना डोळ्यासमोर वर्तमानपत्र होतं, सर्च बॉक्स नव्हता.

कोर्टांनाही हे दिसू लागलं आहे. केरळ उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये म्हटलं की कौटुंबिक आणि बंद दाराआडच्या प्रकरणांत पक्षकारांनी मागणी केली तर त्यांची वैयक्तिक माहिती प्रसिद्ध करू नये. तो निकाल महाराष्ट्रावर बंधनकारक नाही, पण इथे त्याचा दाखला देता येतो. उलट बाजूही आहे. एका फौजदारी प्रकरणात निर्दोष सुटलेल्या माणसाचा निकाल इंडियन कानूनवरून काढायचा आदेश मद्रास उच्च न्यायालयाने दिला होता. त्याला सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये स्थगिती दिली. कोर्टाचं काम लोकांना दिसलं पाहिजे हा मुद्दाही खोटा नाही.

माझं मत असं की यात पारदर्शकता आणि खासगीपणा यांच्यातून एक निवडायची गरजच नाही. वैवाहिक केस सीएनआर किंवा केस नंबरने सापडावी, नुसत्या नावाने सापडू नये. पक्षकार आणि वकील यांच्याकडे नंबर असतोच. किती केसेस पडून आहेत ही आकडेवारी नावांशिवायही दाखवता येते. ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्राने २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर केले आणि त्यात जुन्या फायलींचं स्कॅनिंगही आहे. जुनी रेकॉर्ड्स ऑनलाइन येण्याआधी हा बदल झाला पाहिजे. एकदा नाव स्क्रॅप होऊन खासगी वेबसाइटवर गेलं की मूळ ठिकाणी झाकून फार उपयोग होत नाही.

तोपर्यंत काय कराल?

तुमची केस चालू असेल तर नाव झाकण्यासाठी कोर्टात अर्ज करता येतो का, हे वकिलांना कलम २२ आणि ११ दाखवून विचारा. निकाल लागला असेल तर प्रमाणित प्रतीचे दोन संच आत्ताच काढून ठेवा. लग्नाचा दाखला, शाळेचे कागद असे मूळ दस्तऐवज फाईलमध्ये असतील तर अपिलाची मुदत संपल्यावर परत मागा. फाईलमधले सगळे कागद कोर्ट कायम जपत नाही.

आणि स्थळ बघताना ॲपमध्ये नाव सापडलंच, तर ते व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याआधी थांबा. तो दुसराच कोणी सोनवणे असू शकतो. तोच असला तरी चालू केस म्हणजे दोष नाही, आणि संपलेली केस म्हणजे ते प्रकरण तिथे मिटलं. विचारायचंच असेल तर समोर बसून विचारा.