शोधनिबंधांच्या आकड्यावरून डॉक्टर निवडू नका



"त्या डॉक्टरांचे शंभर पेपर छापून आलेत म्हणे, त्यांनाच दाखवू का?" असा प्रश्न हल्ली रुग्ण विचारतात. त्यात रुग्णांचा दोष नाही. हॉस्पिटलच्या जाहिरातींत पदव्यांखाली शोधनिबंधांची संख्या झळकू लागली आहे. 'जगातील अव्वल २ टक्के शास्त्रज्ञांत' अमक्या प्राध्यापकांचा समावेश, अशा बातम्याही दरवर्षी येतात. अभिनंदन जरूर करावे. पण या आकड्यांवरून डॉक्टर निवडणे चूक आहे. एवढेच नव्हे, तर कोणाचे संशोधन मोठे हेदेखील नुसत्या आकड्यांवरून ठरत नाही.

हे आकडे मोजतात काय?

एका संशोधकाच्या निबंधाचा दुसऱ्याने आपल्या निबंधात संदर्भ दिला, की पहिल्याला एक 'सायटेशन' मिळते. त्यावरूनच २००५ मध्ये जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 'एच-इंडेक्स' सुचवला. ज्याच्या २० निबंधांना प्रत्येकी किमान २० सायटेशन आहेत, त्याचा एच-इंडेक्स २०.

गोम इथेच आहे. सायटेशन फक्त निबंध लिहिणाराच देऊ शकतो. ज्या विषयावर लिहिणारे जास्त, तिथे आकडा आपोआप फुगतो. कर्करोगावर जगभर हजारो लोक लिहितात. गणितात किंवा विंचूदंशावर लिहिणारे मोजकेच. दोन वेगळ्या विषयांतल्या संशोधकांचे आकडे शेजारी ठेवणे म्हणजे ऊस आणि कापसाचे एकरी वजन बघून शेतकऱ्याची हुशारी ठरवणे. '२ टक्के' यादी बनवणाऱ्यांनीही शास्त्रज्ञांची विभागणी १७४ उपविषयांत केली आहे. बातमीत मात्र ते येत नाही.

विंचवाचे उदाहरण घ्या

डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातील देहेडचे. कोकणात महाडजवळ सरकारी दवाखान्यात काम करताना त्यांनी लाल विंचवाच्या दंशाने माणसे मरताना पाहिली. या विषामुळे शरीरातील रक्तवाहिन्या एकदम आवळतात, रक्तदाब भडकतो, हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी भरते. रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी इथे उपयोगी पडते, हे त्यांनी दाखवले. १९८६ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के दगावत. ते प्रमाण पुढे १ टक्क्याच्या आसपास आले.

आता विचार करा. ही गोळी देऊन रुग्ण वाचवणारा खेड्यातला डॉक्टर निबंध लिहीत नाही. वाचलेला शेतमजूर तर नाहीच नाही. मग या जिवांची नोंद कोणत्या एच-इंडेक्समध्ये होणार?

आणखी एक गोष्ट. २०११ मध्ये त्यांनीच 'बीएमजे'मध्ये ७० रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. नुसत्या प्राझोसिनपेक्षा सोबत विंचवाचे प्रतिविष दिल्यास रुग्ण लवकर बरा होतो, असे त्यात दिसले. स्वतःच्याच उपचाराची पुन्हा परीक्षा घेणे, याला मी संशोधन म्हणतो.

मोठा आकडा, खोटे संशोधन

उलट उदाहरणही आहे. १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड यांनी अवघ्या १२ मुलांवरून एमएमआर लसीचा संबंध स्वमग्नतेशी जोडला. तोही निबंध 'लॅन्सेट'मध्येच आला होता. २०१० मध्ये तो मागे घेतला गेला. त्याला हजाराहून अधिक सायटेशन आहेत, बहुतेक तो चूक आहे हे सांगणारी! पण मोजणारे यंत्र स्तुती आणि टीका यांत फरक करत नाही.

काही जण म्हणतील, आकडे नसतील तर वशिलेबाजी चालेल. एकाच विषयातल्या, साधारण सारख्या वयाच्या संशोधकांची तुलना करताना आकड्यांचा उपयोग आहे, हे मान्य. पण वैद्यकीय महाविद्यालयात बढतीसाठी शोधनिबंध लागतात, तेव्हा काही निबंध रुग्णासाठी नव्हे, तर बढतीसाठीच लिहिले जातात, हेही विसरू नका.

मग रुग्णाने काय विचारावे?

- माझ्यासारखे किती रुग्ण तुम्ही तपासता, आणि त्यांचे पुढे काय होते?
- हा उपचार कशाच्या आधारावर सुचवता? दुसरा पर्याय आहे का?
- काही न केल्यास काय होईल?

जो डॉक्टर या प्रश्नांची उत्तरे न चिडता, तुम्हाला समजेल अशा मराठीत देतो, त्याच्याकडे जा. त्याचे पेपर किती, हा प्रश्न नंतरचा.