रविवारचं जेवण आणि चुन्याच्या भिंती

जुन्या घराचं हॉटेल झालं की आपल्याकडे दोन प्रकारची मंडळी बोलतात. एक म्हणतात, "काय ॲम्बियन्स आहे राव!" दुसरे म्हणतात, "पूर्वजांच्या घरात आता बिलं फाडतात." माझं मत तिसरं आहे आणि ते सिव्हिलवाल्याचं आहे, तेव्हा मेकॅनिकलवाल्यांनी सांभाळून घ्यावं.

गोव्यात मडगावच्या पुढे केपे नावाचं गाव आहे. तिथे चर्चसमोर, कुशावती नदीच्या काठी 'पालासिओ दो देआंव' नावाचं मोठं घर आहे. केपे गाव वसवणाऱ्या पोर्तुगीज डीनने ते १७८७ साली बांधलं. (डीन म्हणजे चर्चमधलं पद. टर्मवर्क अडवून ठेवणारे ते वेगळे.) मोडकळीला आलेलं हे घर एका जोडप्याने दुरुस्त केलं आणि आधी कळवून येणाऱ्यांना तिथे जेवण मिळू लागलं. समोर बाग, पानात गोव्याचा आणि पोर्तुगालचा मिळून झालेला स्वयंपाक. रविवारी दुपारी निवांत जेवायला याहून बरी जागा शोधून सापडणार नाही.

पण जेवणापेक्षा मला त्यामागचा हिशोब आवडतो. घर म्हातारं होऊन पडत नाही, बंद राहून पडतं. एक कौल सरकतं, पाणी वाशावर येतं, वासा कुजतो, मग भिंतीचा माथा भिजतो. हे सगळं दोन-चार पावसाळ्यांत उरकतं. घरात जेवणावळ असली की खिडक्या उघडतात, चूल पेटते, गळती त्याच दिवशी दिसते आणि मे महिन्यात शाकारणीला पैसे असतात. पाटी लावून 'हेरिटेज' म्हटल्याने यातलं काहीही होत नाही.

मात्र दुरुस्ती कशाने करता, यावर सगळं आहे. जांभ्याच्या किंवा विटांच्या चुन्यातल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारला की भिंतीचं नाक दाबल्यासारखं होतं. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं. मग क्षार फुटतात, पापुद्रे सुटतात आणि मालक म्हणतो, "जुनं बांधकामच कच्चं होतं!" चुन्याची गंमत अशी की चुनखडी भाजताना तिच्यातून जो कार्बन डायऑक्साइड निघून जातो, तोच हवेतून परत घेत चुना हळूहळू पुन्हा दगड होतो. त्याला महिने लागतात. अठ्ठावीस दिवसांनी क्यूब फोडून मोकळं होणाऱ्या आपल्या लॅबला एवढा धीर कुठला? आमच्या पुस्तकात चुना दीड पानात संपतो.

आणि ते हायवेवरचे 'वाडे'! आरसीसीच्या खांबाला लाकडाचा रंग, दारात फायबरचा बैल, थाळीत गोड बासुंदी. खुशाल जेवा, फक्त त्याला संस्कृती म्हणू नका.

हे सगळं मी तावातावाने लिहितोय याला कारण आहे. आमच्या आजोळच्या वाड्याच्या उताऱ्यावर चौदा नावं आहेत आणि बिल्डर दर दिवाळीला फराळाला येतो. मामाला मी केप्याचं सांगितलं तर तो म्हणाला, "अरे, जेवायला येईल कोण? एस.टी. दिवसातून दोनदा. आणि चौदा जणांत नफा वाटायचा की भांडी?" प्रश्न बरोबर आहे. प्रत्येक वाड्याचं हॉटेल होणार नाही, आणि होऊही नये. पण महिन्यातला एक रविवार आगाऊ सांगून येणाऱ्या वीस माणसांना पिठलं-भाकरी घालायला पार्टनरशिप डीड लागत नाही. त्यातून निदान कौलांचा खर्च निघेल. चौदांपैकी पाच जण 'बघू' म्हणालेत. आमच्या घराण्यात हा होकार समजतात.

अडचण गवंड्याची आहे. चुन्याची घाणी चालवलेला एकच माणूस गावात उरलाय, सत्तरी ओलांडलेला. त्याचा मुलगा स्लॅबची कामं घेतो. फायनल इयरला प्रोजेक्टचा विषय शोधणाऱ्यांनो, चुन्यात गूळ आणि हिरडा किती घालायचा हे त्या म्हाताऱ्याला तोंडपाठ आहे, कागदावर कुठेच नाही. मे महिन्यात कोण येतंय? एस.टी.चं भाडं माझं, जेवणाचं आजी बघेल.