जुनी गाडी आणि लांबची वाट

दूरच्या प्रवासाची तयारी म्हटली की आपल्या घरात प्रथम फराळाचे डबे भरले जातात, मग अंथरूण-पांघरूण, मग औषधांची पिशवी. ज्या गाडीच्या भरवशावर हा सारा संसार वाटेला लागणार, तिची विचारपूस मात्र बहुधा आदल्या दिवशी, पेट्रोल भरताना होते. गाडी नवी असेल तर हे एक वेळ निभावून जाते. जुन्या गाडीच्या बाबतीत असा निष्काळजीपणा केवढ्याला पडू शकतो, याचा एक घरचाच अनुभव आज वाचकांस सांगावयाचा आहे.

माझे मामा तंजावरला मेल राजवीथीत राहतात. घराणे कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेले. घरात मराठी, दारात तमिळ. त्यांच्यापाशी १९८४ सालची अँबॅसडर मोटार आहे. हिंदुस्थान मोटर्सच्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात ही गाडी १९५७ पासून तयार होऊ लागली आणि २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. मामांची गाडी मात्र बृहदीश्वराचे देऊळ, रेल्वे स्टेशन आणि भाजीबाजार अशा फेऱ्या बिनतक्रार करीत आली आहे. मामींची फार दिवसांची इच्छा अशी की, ज्या खंडोबाची तळी आपण दर चंपाषष्ठीला घरी भरतो, त्याची जेजुरी एकदा डोळ्यांनी पाहावी. गेल्या मार्गशीर्षात हा योग जुळवून आणायचा आणि तोही याच गाडीने, असे मामांनी ठरविले.

तंजावरकरांना दूरच्या यात्रेचे नावीन्य नाही. दुसरे सरफोजी महाराज १८२० मध्ये हजारो माणसांचा लवाजमा घेऊन काशीयात्रेला निघाले, ते १८२२ मध्ये परतले. त्या काळी गाडीवान आसाला वंगण घातल्याशिवाय बैल जुंपीत नसे. मोटारीच्या युगात वाहन बदलले, पण हा नियम बदललेला नाही.

निघण्याच्या आठ दिवस आधी मामांनी गाडी नेहमीच्या मेकॅनिककडे नेली, ती केवळ ऑइल बदलण्यासाठी. त्याने आपण होऊन चाके उतरविली, ब्रेकचे ड्रम उघडले आणि मामांना खाली वाकून पाहावयास सांगितले. पुढच्या चाकाकडे जाणाऱ्या रबरी नळीला बारीक भेगा पडल्या होत्या आणि मागच्या एका व्हील सिलिंडरमधून ब्रेक ऑइल पाझरून लायनर ओले झाले होते. "सार, ही गाडी देवळापर्यंत जाईल. घाटात मी हिला जाऊ देणार नाही," असे तो तमिळमध्ये म्हणाला. चाळीस वर्षे स्वतः गाडी चालविणाऱ्या मामांना हे झोंबले. "रोज चालणाऱ्या गाडीला काय धाड भरली आहे?" असे म्हणत ते घरी आले.

वाचकहो, मामांचा हा प्रश्न पुष्कळांचा असतो, म्हणून त्याचे उत्तर नीट समजून घेणे बरे. गावात गाडी ताशी तीस-चाळीस किलोमीटरने जाते आणि ब्रेक क्षणभरच दाबला जातो. घाटाच्या उतारावर तोच ब्रेक पुनःपुन्हा दाबावा लागतो आणि ड्रम अतिशय तापतात. ब्रेक ऑइलचा गुण असा की ते हवेतील ओलावा शोषून घेते. जुन्या ऑइलात मुरलेल्या या पाण्याची उष्णतेने वाफ होते. वाफ दाबली जाते, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचत नाही आणि पेडल तळाला टेकते. त्यातच जुन्या रचनेच्या गाड्यांत बहुधा चारही चाकांना एकाच नळीमार्गाने ऑइल जाते; एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. सेलम आणि धर्मपुरी यांच्यामधला तोप्पूरचा घाट अशा अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे, आणि परतीच्या वाटेवर मामांना तोच घाट उतरावयाचा होता.

सुटे भाग मिळून काम पुरे होण्यास तीन आठवडे लागणार, म्हणजे चंपाषष्ठी हुकणार, हे स्पष्ट झाले. घरात दोन दिवस कोणी फारसे बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मामीच म्हणाल्या, "अहो, चंपाषष्ठी पुढच्या वर्षीही येईल. ती पाहायला आपण असायला हवे ना?" मामा उठले आणि गाडीची किल्ली मेकॅनिकच्या हाती देऊन आले.

मग जी तयारी झाली ती अनुकरणीय आहे. ब्रेकच्या सर्व रबरी नळ्या, व्हील सिलिंडरची रबरे आणि लायनर बदलले. ब्रेक ऑइल संपूर्ण काढून नवे भरले. पेट्रोलच्या नळ्याही नव्या घातल्या, कारण आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या गाड्यांतील रबराला ते मानवत नाही. टायरची नक्षी चांगली होती, परंतु टायरच्या कडेवर चार आकडी खूण असते. तीत पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. त्यावरून टायर नऊ वर्षांचे निघाले, तेही बदलले. रबर न झिजताही म्हातारे होते, हे आपण विसरतो. पुढच्या चाकांच्या सांध्यांना ग्रीस मारले, आणि पावसाळी दिवस असल्याने वायपरची रबरे नवी बसविली.

कागदपत्रेही याच वेळी पाहिली. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते. तिची मुदत, विमा आणि धुराचा दाखला तपासूनच परराज्यात पाऊल टाकावे.

सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे चाचणीची फेरी. मामा आणि मेकॅनिक गाडी घेऊन तिरुचिरापल्लीला जाऊन आले, म्हणजे जाऊन-येऊन ११० किलोमीटर. परतताना इंजिन तापू लागले. रेडिएटर आतून गाळाने भरला होता. गावातल्या फेऱ्यांत जे कधीच उघडकीस आले नसते ते तासाभराच्या सलग धावण्याने दाखविले. रेडिएटर साफ करून पुन्हा तेवढीच फेरी केली आणि मगच सामान बांधले. बरोबर स्टेपनी, जॅक, पाने, फॅनबेल्ट, प्लग, पॉइंट, कंडेन्सर, रेडिएटरची एक नळी, पाण्याचा डबा आणि बॅटरी घेतली.

पौष पौर्णिमेच्या सुमारास मंडळी निघाली. सुमारे १,२०० किलोमीटरची वाट त्यांनी चार दिवसांत वाटून घेतली. कृष्णगिरी, दावणगेरे आणि बेळगाव येथे मुक्काम केले. रात्री गाडी चालविली नाही आणि दर दोन तासांनी इंजिनास व माणसांस विसावा दिला. जेजुरीला मामी गडाच्या पायऱ्या हळूहळू चढल्या. उतरल्यावर त्यांनी चिमूटभर भंडारा गाडीच्या बॉनेटवर लावला आणि उरलेला पुडीत बांधून मेकॅनिकसाठी ठेवला.

परतीच्या वाटेवर तोप्पूरच्या घाटात मामांनी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवली. ज्या गिअरने घाट चढावा त्याच गिअरने तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आहे. त्याने ब्रेकवरचा भार हलका होतो. ब्रेक अखेरपर्यंत नीट लागले. घरी आल्यावर मामा प्रथम मेकॅनिककडे गेले, तेव्हा पुडी त्यांच्या खिशात होती.

आपल्याही दारात जुनी गाडी असेल आणि सुटीत लांब जाण्याचा बेत असेल, तर निदान महिनाभर आधी तिची तपासणी करावी. आणि तपासणारा "नको" म्हणाला तर राग मानू नये. काम घेऊन पैसे मिळविणारे पुष्कळ भेटतात. गिऱ्हाईक दुखावण्याची जोखीम पत्करून खरे सांगणारा मनुष्य क्वचितच भेटतो.