पदवी झाली, पुढे काय?

निकाल लागले की पुण्यात सदाशिव पेठेत, शास्त्री रोडवर नव्या बॅगा दिसू लागतात. लातूर, परभणी, जळगावकडची पदवीधर मुलं कॉट बेसिसवर जागा घेतात, मेस लावतात आणि स्पर्धा परीक्षांसाठी अभ्यासिकेतली खुर्ची धरतात. राज्यसेवेला खुल्या प्रवर्गासाठी कमाल वय ३८. म्हणजे बाविसाव्या वर्षी आलेल्याला पुढची सोळा वर्षं सरकार ‘थांब’ म्हणत नाही. घरचे विचारतात, तेही फोनवर, जपून. (क्लासवाले कशाला विचारतील!) परीक्षा जरूर द्यावी; पण किती वर्षं द्यायची, हे पहिल्याच वर्षी वहीत लिहून ठेवावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. ही वाट सोडून दुसरीकडे रमलेल्यांचे अनुभव या अंकात आहेत. घरात यंदा कुणी पदवीधर झालं असेल, तर अंक आधी त्यांना वाचायला द्या.