प्रशिक्षणाची एकबेरीज

भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा एक अहवाल डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेपुढे ठेवण्यात आला. प्रधानमंत्री कौशल विकास योजनेच्या २०१५ ते २०२२ या काळातील तीन टप्प्यांची तपासणी त्यात केलेली आहे. अशा अहवालांचे प्रारब्ध बहुधा ठरलेले असते. दोन दिवस वृत्तपत्रांत मथळे, सभागृहात थोडा गलबला, आणि त्यानंतर कपाट. हा अहवाल त्या कपाटात विसावण्यापूर्वी त्यातील एका गोष्टीकडे आम्हांस वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. तपासलेल्या सुमारे ९५ लाख ९१ हजार प्रशिक्षणार्थींपैकी ९४ टक्क्यांहून अधिक जणांच्या नावापुढे बँक खात्याच्या रकान्यात शून्ये होती, किंवा ‘लागू नाही’ असा शेरा होता, किंवा तो रकाना सरळ कोराच होता. उरलेल्यांतही एकच खाते क्रमांक अनेकांच्या नावापुढे आढळला. एकच छायाचित्र निरनिराळ्या उमेदवारांच्या नावावर चिकटविलेले सापडले. प्रमाणपत्र मिळविणाऱ्यास पाचशे रुपये द्यावयाचे ठरले होते. ३४ लाखांहून अधिक प्रमाणपत्रधारकांच्या हाती ते पडले नव्हते.

यावर मंत्रालयाचे उत्तर असे की, खाते क्रमांक आरंभी सक्तीचा होता, परंतु रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात जाऊ लागल्यावर ती सक्ती शिथिल करण्यात आली. हे उत्तर खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. पण मग तो रकाना ठेवला कशासाठी? नव्वद लाख वेळा तो कोरा राहिला, आणि मधल्या सात वर्षांत तालुक्यापासून दिल्लीपर्यंतच्या एकाही टेबलावर कोणाची बोट त्या कोऱ्या जागेवर थबकू नये, याचा अर्थ काय होतो?

याचा अर्थ भ्रष्टाचार असा करून मोकळे होणे सोपे आहे, आणि जेथे तो झाला असेल तेथे दोषींना शासन व्हावयासच हवे. परंतु आमच्या मते हा रोग त्याहून अधिक साधा, अधिक जुना आणि म्हणूनच अधिक चिवट आहे. आपल्या प्रशिक्षण कार्यालयांतून अहवाल पाठविले जातात ते वाचले जावेत म्हणून नव्हे, तर पाठविले गेले असे म्हणता यावे म्हणून. वरच्या कार्यालयास संख्या हवी असते. खालचे कार्यालय ती पुरविते. ती मिळाली की उभयपक्षी समाधान होते.

ज्यांनी एखाद्या शासकीय प्रशिक्षण कार्यालयाचा कारभार जवळून पाहिला आहे, त्यांना हे सांगावयास नको. मासिक प्रगती अहवालात काय असते? वर्ग किती घेतले, उद्दिष्ट किती होते, उपस्थिती किती, अनुदान किती आले आणि खर्च किती झाला. यातला प्रत्येक आकडा आवश्यक आहे, हे मान्य. पण यातल्या एकाही आकड्यावरून वर्गात काय शिकविले गेले आणि कोणाला काय आले, याचा बोध होत नाही. हीच माहिती पुन्हा लेखाशाखा वेगळ्या नमुन्यात मागते, नियोजनशाखा तिसऱ्या नमुन्यात, आणि अधिवेशन जवळ आले की ‘आज सायंकाळी पाचपर्यंत, निरंक असल्यास तसे कळवावे’ असा संदेश भ्रमणध्वनीवर येतो. कारकून एकच आणि नमुने पाच. तो बिचारा मागील महिन्याचा कागद काढतो, दिनांक बदलतो, चार आकडे वाढवितो आणि जावक क्रमांक घालतो. आम्ही त्याला दोष देत नाही. पाच नमुन्यांत पाच निरनिराळे आकडे गेले तरी आजवर कोणी विचारले नाही, हा त्याचा अनुभव आहे. आणि अनुभवापासून शिकणे यालाच प्रशिक्षण म्हणतात!

संपादकाची लेखणी हाती घेण्यापूर्वी आम्ही काही वर्षे शाळेत शिकविले. त्या काळी शिक्षकांसाठी भरलेल्या तीन दिवसांच्या एका वर्गाची आठवण अजून ताजी आहे. पहिल्याच सकाळी तिन्ही दिवसांचे हजेरीपट फिरविण्यात आले आणि आम्ही सर्वांनी, लाज वाटून का होईना, त्यांवर सह्या केल्या. तिसऱ्या दिवशी अभिप्रायाचा कागद आला. ‘प्रशिक्षण कसे वाटले? उत्तम, चांगले, बरे.’ चारची गाडी गाठावयाची होती. सगळ्यांनी ‘उत्तम’वर खूण केली. आमच्या एका सहकाऱ्यांनी मात्र कागदाच्या पाठीमागे सविस्तर लिहिले, की अपूर्णांक शिकविण्याची जी रीत येथे सांगितली ती पाचवीच्या मुलांना पेलणारी नाही, आणि का पेलणारी नाही हेही लिहिले. संयोजकांनी त्यांना बाजूला बोलावून अगदी नम्रपणे म्हटले, “सर, एवढे वेगळे कशाला लिहिलेत? गोषवारा करताना अडचण होते.”

ते संयोजक सज्जन होते आणि त्यांना खरोखरच अडचण होत होती. कारण त्यांच्याकडे ज्या नमुन्यात गोषवारा मागितला होता, त्यात अपूर्णांकांसाठी जागा नव्हती. त्या वर्गातून निघालेली एकमेव उपयुक्त माहिती अशा रीतीने नमुन्याबाहेरची म्हणून तेथेच राहिली. पुढच्या वर्षी अपूर्णांक त्याच रीतीने शिकविले गेले, हे सांगावयास नकोच.

प्रशिक्षणाचे मोल कसे करावे याचा विचार जगात झालेला नाही असे नाही. डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन अभ्यासकाने १९५९ सालीच त्याच्या चार पायऱ्या सांगितल्या. शिकणाऱ्याला ते आवडले का, त्याला ते समजले का, परत गेल्यावर त्याच्या कामात ते उतरले का, आणि त्यामुळे कामाच्या फलितात काही फरक पडला का. आपली बहुतेक कार्यालये पहिल्या पायरीवर सतरंजी अंथरून बसली आहेत. चारच्या गाडीच्या घाईत तीही पायरी धड चढली जात नाही, हे वर आलेच.

आणि हे सर्व परदेशी पुस्तकांतूनच शिकावयास हवे असेही नव्हे. पेशवाईतील पुण्याच्या हुजूर दफ्तरात ‘एकबेरीज’ नावाचे दफ्तर होते. निरनिराळ्या खात्यांचे हिशेब तेथे एकत्र येत आणि साऱ्या वर्षाच्या जमाखर्चाचा गोषवारा तेथे तयार होई. खाली रोजकीर्द, वर एकबेरीज. रोजच्या नोंदीतून वर्षाचा आकडा निघे, वर्षाचा आकडा आधी ठरवून रोजची नोंद लिहिली जात नसे. नाना फडणीसांच्या काळी ही व्यवस्था कडक होती. हिशेब पाहणे हा त्यांच्या घराण्याचा हुद्दाच होता. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत दफ्तराची हेळसांड झाली. कागद तोच आणि बोरूही तोच. वर पाहणारा उरला नाही, एवढाच काय तो फरक.

अलीकडचे उदाहरण हवे असेल तर तेही महाराष्ट्रातच आहे. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अनिलकुमार लखिना हे अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी असताना त्यांनी कार्यालयाचे दप्तर उपसून त्याची फेररचना केली. ‘लखिना पॅटर्न’ हा शब्द त्यानंतर राज्यभर रुळला. आजही आपल्या कार्यालयांतून सहा गठ्ठ्यांची पद्धत शिकविली जाते. प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवावयाचे कागद आणि नष्ट करावयाचे कागद. यातील पहिल्या दोन गठ्ठ्यांतील भेद आम्हांस फार मोलाचा वाटतो. प्रलंबित म्हणजे जे माझ्यामुळे थांबले आहे; प्रतीक्षाधीन म्हणजे जे दुसऱ्याच्या उत्तरासाठी थांबले आहे. प्रशिक्षण कार्यालयाच्या अहवालात हा एकच भेद आणला तरी किती उलगडा होईल! वर्ग का भरला नाही? विभागाने नावेच कळविली नाहीत म्हणून, की कार्यालयाने व्याख्याता ठरविला नाही म्हणून? अनुदान का पडून राहिले? ते फेब्रुवारीत आले म्हणून, की ऑगस्टमध्ये आलेले मार्चपर्यंत कोणी उघडूनच पाहिले नाही म्हणून? आजच्या नमुन्यात दोन्हींचे उत्तर ‘उद्दिष्ट अपूर्ण’ एवढेच येते.

येथे एका संस्थेचे नाव घेतल्यावाचून राहवत नाही. १९६३ साली मुंबईत प्रशासकीय कर्मचारी महाविद्यालय म्हणून सुरू झालेली आणि १९८४ पासून पुण्यात असलेली यशदा ही राज्याची शिखर प्रशिक्षण संस्था होय. तिच्यावर ठपका ठेवण्याचा आमचा हेतू नाही. २०११ साली राज्याने प्रशिक्षण धोरण आखले. केंद्राच्या २०१२ च्या धोरणाने प्रत्येक मंत्रालयाने वेतनावरील खर्चाच्या किमान अडीच टक्के रक्कम प्रशिक्षणासाठी वेगळी काढावी असे सांगितले. सप्टेंबर २०२० मध्ये ‘मिशन कर्मयोगी’ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि संगणकाच्या पडद्यावरचे पाठ घरोघर पोहोचले. धोरणांचा तुटवडा नाही. पण पडद्यावरचा पाठ एकीकडे चालू ठेवून दुसरीकडे टपाल पाहणारा कर्मचारीही प्रमाणपत्र मिळवितो, आणि ते प्रमाणपत्र त्या महिन्याच्या अहवालात एका एककाची भर घालते. हजेरीपट कागदाचा होता तो काचेचा झाला, इतकेच.

राज्याच्या २००५ च्या अधिनियमाने, म्हणजे बदल्यांचे विनियमन व विलंबास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याने, कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सामान्यतः सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ पडून राहू नये असे बंधन घातले आहे. हा कायदा प्रशिक्षणवर्गांत शिकविला जातो. शिकविणाऱ्या कार्यालयांनी आपल्याच टेबलांवर तो किती पाळला जातो याची नोंद दर महिन्यास भिंतीवर लावावी, अशी सूचना कोणी केली तर ती उद्धटपणाची ठरेल काय?

आमच्या सूचना मोठ्या नाहीत. प्रशिक्षणार्थीची मूळ नोंद एकदाच, एकाच नोंदवहीत व्हावी, मग ती कागदाची असो वा संगणकाची. आणि ज्या शाखेला जे हवे ते तिने त्या नोंदीतून काढून घ्यावे, खालच्या कारकुनाकडे पुन्हा मागू नये. प्रत्येक अहवालाखाली तो तयार करणाऱ्याचे नाव असते. तो वाचणाऱ्याचेही असावे, आणि वाचून त्याने काय विचारले हे पंधरा दिवसांत खाली लेखी यावे. वर्गानंतर तीन महिन्यांनी प्रशिक्षणार्थीच्या वरिष्ठास एकच प्रश्न विचारावा, की तुमच्या माणसाच्या कामात काय बदलले? उत्तर ‘काही नाही’ असे आले तर ते नोंदविण्यास जागा असावी. याहून महत्त्वाचे म्हणजे असे उत्तर वर पाठविणाऱ्याचा गोपनीय अहवाल बिघडू नये. खरे लिहिणाराकडून खुलासा मागावयाचा आणि ‘निरंक’ लिहिणारास सुखाने झोपू द्यावयाचे, ही रीत चालू आहे तोवर कोणतीही नोंदवही आणली तरी ती शून्यांनीच भरेल.

प्रशिक्षण कार्यालयातील नेमणूक ही अडगळीची जागा समजण्याची वृत्ती हाही या दुखण्याचा भाग आहे. जो अधिकारी नको तो प्रशिक्षणाला शिकविण्यास पाठवावयाचा, आणि ज्या कर्मचाऱ्यावाचून कार्यालयाचे अडत नाही तो शिकण्यास. निवृत्तीला सहा महिने उरलेल्या गृहस्थांना नव्या पद्धतीचे धडे देणारे वर्ग भरतात, हे वाचकांपैकी अनेकांनी पाहिले असेल. त्याविषयी सविस्तर पुन्हा केव्हातरी लिहू.

कोणी म्हणेल, पदे रिक्त आहेत, अर्धे काम कंत्राटी माणसांवर चालते, आणि तुम्ही नव्या नोंदी कसल्या सांगता? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच आम्ही आणखी एक नमुना सुरू करा असे म्हणत नाही. आहेत त्यांतले कमी करा असे म्हणतो. येत्या १ एप्रिलला नवे आर्थिक वर्ष सुरू होईल. त्या दिवशी राज्यातील प्रत्येक वरिष्ठ कार्यालयाने, आपण प्रशिक्षण कार्यालयांकडून कोणकोणते नमुने मागवितो, याची एक यादी करावी, आणि प्रत्येक नमुन्यापुढे तो गेल्या वर्षी प्रत्यक्ष कोणी वाचला त्या अधिकाऱ्याचे नाव लिहावे. ज्यांच्यापुढे नाव लिहिता येणार नाही ते नमुने त्याच दुपारी रद्द करून तसे परिपत्रक काढावे.