बापाचा रकाना

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 हा 29 मे 2018 पासून अमलात आलेला कायदा ज्यांनी आरंभापासून अखेरपर्यंत वाचला असेल, आणि असे वाचक वकीलमंडळींतही विरळाच, त्यांना त्याच्या कलम 21 मध्ये एक मोठी सहृदय तरतूद आढळली असेल. मनोरुग्णालयात दाखल झालेल्या स्त्रीचे तीन वर्षांखालील मूल सामान्यतः तिच्यापासून तोडू नये; तिच्या आजारामुळे मुलाला इजा पोचण्याचा संभव असल्यास तात्पुरते दूर ठेवावे, परंतु त्या निर्णयाचा दर पंधरा दिवसांनी फेरविचार करावा, आणि ही ताटातूट सलग तीस दिवसांच्या पलीकडे जाणार असेल तर संबंधित प्राधिकरणाची मंजुरी घ्यावी, इतका बारीक विचार त्या कलमाच्या मसुदाकारांनी केलेला आहे. ज्या देशात 1912 सालच्या कायद्याने अशा रुग्णांची संभावना ‘ल्युनॅटिक’ या एका शब्दात करून त्यांची व्यवस्था मुख्यतः कोंडवाड्याच्या अंगाने लावली होती, त्या देशाच्या संसदेने शंभर वर्षांनी का होईना, पण हा पल्ला गाठला, याबद्दल तिला धन्यवादच दिले पाहिजेत. मात्र त्या संपूर्ण अधिनियमाची कलमे कितीही चाळली, तरी रुग्ण हा कोणाचा तरी बापही असू शकेल, ह्या साध्या शक्यतेची दखल कोठे घेतलेली सापडत नाही.

अंगावर पिणाऱ्या मुलाची गरज आईला आणि आईची गरज त्याला प्रथम, याविषयी कोणी वाद घालणार नाही. मीही घालत नाही. माझा वाद निराळा आहे. आठ-दहा वर्षांच्या मुलाचा बाप आजारी पडून दीड-दोन महिने घराबाहेर राहतो, तेव्हा त्या मुलाला काय सांगावे, त्याने बापाला केव्हा आणि कोठे भेटावे, आणि बरा होऊन परतलेल्या बापाने पुन्हा बाप म्हणून त्या घरात कसे उभे राहावे, हे प्रश्न आपण सरकारी दप्तरातून आणि घरगुती बोलण्यातून सारख्याच दक्षतेने बाहेर ठेवले आहेत. हे लिहिणारा स्वतः गेली अनेक वर्षे उन्माद-विषादाच्या, म्हणजे हल्लीच्या परिभाषेत द्विध्रुवीय विकाराच्या, उपचाराखाली असून एका मुलीचा बाप आहे, तेव्हा ह्या विषयात त्याचा स्वार्थ आहे, हे वाचकांनी आधीच हिशेबात धरावे.

मी राहतो ते किहीम हे अलिबागच्या उत्तरेकडील समुद्रकाठचे गाव. सुरूची बने, नारळाच्या वाड्या आणि मुंबईकरांचे बंगले ह्यांसाठी ते आता प्रसिद्ध असले, तरी शास्त्रीय वाङ्मयात त्याची नोंद एका वेगळ्या कारणाने झाली आहे. 1930 साली जर्मनीहून परतलेले सालिम अली नोकरी गमावून पत्नीसह येथे येऊन राहिले होते आणि हाताशी रिकामा वेळ असल्यामुळे घराजवळच्या झाडावरील बाया पक्ष्यांचे संसार त्यांनी पावसाळाभर पाहिले. घरटे विणतो तो नर. अर्धे विणून झाले की मादी येऊन त्याची पाहणी करते, पसंत पडले तर ताबा घेते. आणि नर ते घरटे पुरे करून लगेच दुसऱ्याच्या विणकामाला लागतो, अंडी उबवण्याचा आणि पिल्लांना भरवण्याचा भार मादीवर टाकून. ह्या निरीक्षणांवरचा त्यांचा निबंध पुढील वर्षी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि पक्षिशास्त्रात गाजला. आमच्या मराठी घरांतून बापाचे मोजमाप बहुधा ह्याच मापाने होत आले आहे: विणले किती? महिन्याच्या महिन्याला पैसे आणणारा, घरावर कौले घालणारा, मुलीच्या लग्नाची तजवीज करणारा तो बाप. आणि ज्याचे विणकाम आजाराने थांबले त्याचे बापपणही त्याच दिवशी तहकूब झाले, असा एक अलिखित हुकूम घरोघर बजावला जातो.

गंमत अशी, की आपले प्राचीन स्मृतिकार या बाबतीत आपल्याहून अधिक व्यवहारी होते. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात उन्मत्ताला वडिलार्जित मिळकतीत वाटा नाकारला आहे, हे खरे आणि आजच्या दृष्टीने अन्यायाचेही. पण त्याच ठिकाणी त्याच्या अन्नवस्त्राची जबाबदारी कुटुंबावर टाकली आहे आणि अशा पुरुषाला पत्नी असू शकेल, अपत्य होऊ शकेल आणि त्या अपत्याला हिस्सा मिळाला पाहिजे, हेही नमूद केले आहे. म्हणजे त्याचा वाटा त्यांनी काढून घेतला, परंतु पितृत्व काढून घेतले नाही. इंग्रजी अमदानीत 1928 च्या कायद्याने जन्मजात वेड वगळता बाकीच्यांची ही वारसाहक्काची अपात्रता दूर झाली, 1956 च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने उरलीसुरलीही गेली, आणि 2017 च्या कायद्याने तर कलम 3 मध्ये स्पष्टच सांगितले, की सक्षम न्यायालयाने तसे ठरवल्यावाचून केवळ मनोविकार आहे एवढ्यावरून माणूस विकल मनाचा आहे असे मानता येणार नाही. कायद्याने जे परत दिले, ते घरी मात्र अद्याप पोचलेले नाही.

घरी काय घडते? बापाला ठाण्याला नेले जाते. ठाण्याचे मनोरुग्णालय 1901 सालचे. पुणे, नागपूर व रत्नागिरी येथील धरून राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी आम्हांला जवळचे ते. मुलाला सांगण्यात येते, ‘बाबा कामासाठी मुंबईला गेलेत.’ मुलाने आदल्या रात्री बाबांचे ओरडणे ऐकलेले असते, काकांनी आणि शेजारच्या दोघांनी त्यांना जीपमध्ये बसवलेले दाराच्या फटीतून पाहिलेले असते, आणि चोंढी नाक्यावर दुकानदाराने आईला हलक्या आवाजात केलेली विचारपूसही त्याच्या कानांवर पडलेली असते. त्याला सत्य ठाऊक असते; आता त्याला आणखी एक गोष्ट ठाऊक होते, ती ही, की ह्या सत्याबद्दल ह्या घरात बोलायचे नसते. मग ते आपली उपपत्ती आपणच लावते. मी अभ्यास केला नाही म्हणून बाबांचे डोके फिरले, मी त्या दिवशी सायकलीचा हट्ट धरला म्हणून ते गेले. आठ वर्षांच्या बुद्धीला कार्यकारणभाव जुळवायला स्वतःपेक्षा जवळचे कोणी सापडत नाही. भगताचा उतारा, ‘बाहेरचं काहीतरी आहे’ ही कुजबूज आणि ‘नसांच्या गोळ्या’ हे गोळ्यांचे सभ्य नाव, ह्या सर्वांनी मिळून त्या मुलाभोवती जे धुके जमते, ते आजारापेक्षा अधिक काळ टिकते.

येथे एक निरीक्षण नोंदवल्यावाचून पुढे जाववत नाही. आमच्या गावांतून पिणाऱ्या बापाला जागा आहे. तो पडला तर चार माणसे उचलून घरी आणतात, त्याच्या पोराला कोणी काही विचारत नाही, कारण सर्वांना सर्व समजलेले असते. ‘पितो, पण माणूस सोन्यासारखा’ हे प्रशस्तिपत्र त्याला गावाने केव्हाच दिलेले असते. झोप उडालेल्या, अकारण भयाने ग्रासलेल्या कित्येक पुरुषांनी मनोविकारतज्ज्ञाकडे न जाता गुत्त्याची वाट धरली, तिचे एक कारण हे असावे, की दारुडा म्हणून घेण्यात अब्रू जाते ती थोडी, वेडा म्हणून घेण्यात जाते ती समूळ. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (त्यासाठी निवडलेल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता) पुरुषांतील मनोविकारांचे प्रमाण स्त्रियांच्या जवळजवळ दुप्पट आढळले, आणि त्या आकड्यात मद्याच्या व्यसनाचा वाटा मोठा होता, हे ह्या संदर्भात वाचण्यासारखे आहे.

आमच्या कलाव्यवहारानेही हा मधला बाप टाळलेला दिसतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर ह्या जोडीइतके मनाच्या आजारांकडे मराठी चित्रपटात दुसऱ्या कोणी सातत्याने पाहिले नसेल. परंतु 2004 च्या ‘देवराई’मधील स्किझोफ्रेनियाग्रस्त शेष एकटा आहे आणि त्याचा भार बहिणीवर पडतो, ‘कासव’मधील विषण्ण तरुण तर घरदार सोडून निघालेला आहे, आणि ‘अस्तु’मध्ये बाप आहे, पण तो स्मृतिभ्रंशाने ग्रासलेला वृद्ध संस्कृत पंडित आहे, ज्याच्या मुली मोठ्या झालेल्या आहेत. तरुण रुग्णाविषयी कणव येते, वृद्धाविषयी आदर टिकतो. ज्याची मुले प्राथमिक शाळेत आहेत आणि ज्याचा पगार बिनपगारी रजेत अडकला आहे, असा चाळिशीचा पुरुष मात्र पडद्यावर येत नाही. प्रत्यक्ष जीवनातही कॅनडातील कॅलगरी येथे संख्याशास्त्राचे अध्यापन करणारे डॉ. जगन्नाथ वाणी ह्यांनी पत्नीच्या स्किझोफ्रेनियाविषयी मोकळेपणाने बोलून पुण्यात त्या आजाराच्या जागृतीसाठी संस्था उभी केली, हे त्यांचे ऋण महाराष्ट्राने मानलेच पाहिजे. पण तेथेही पुरुषाची भूमिका सांभाळणाऱ्याची होती. सांभाळले जाणारे आपण आहोत आणि तरीही बाप आहोत, असे उघड सांगणारा मराठी पुरुष अजून क्वचितच भेटतो.

मुलांना सांगितले तर ती धास्तावतील, पुढे मुलीच्या सोयरिकीत ‘घराण्यात वेड आहे’ म्हणून विघ्न येईल, हा आक्षेप पोकळ नाही. त्याला आकड्यांनीच उत्तर दिले पाहिजे. स्किझोफ्रेनियासारख्या गंभीर आजारातही आईबापांपैकी एकाला तो असल्यास अपत्याला होण्याचा संभव सुमारे दहा टक्के मानला जातो. सर्वसाधारण लोकांत तो एक टक्क्याच्या आसपास आहे. दहापट हा शब्द भयंकर वाटतो, परंतु त्याचाच दुसरा अर्थ असा, की दहांतील नऊ मुलांना तो आजार होत नाही. आणि ज्याला होण्याचा संभव आहे त्याला आरंभीची लक्षणे ठाऊक असणे हिताचे, की लग्न जमेपर्यंत अंधारात असणे हिताचे, ह्याचा निर्णय करायला फार मोठ्या विद्वत्तेची गरज नसावी.

सांगायचे ते फार नसतेही. माझ्या मुलीने वयाच्या आठव्या वर्षी माझ्या गोळ्यांविषयी विचारले, तेव्हा मी तिला इतकेच सांगितले, की माझा आजार मनाचा आहे, त्यात कधी झोप नाहीशी होऊन मी फार बोलतो आणि कधी अंथरुणातून उठवत नाही. त्याला औषध आहे. तो तुझ्यामुळे झालेला नाही. आणि तो वाढलाच तर तू आत्याकडे जायचे, हे आम्ही ठरवून ठेवले आहे. तिने आत्याकडे मांजर आहे का, हे माहीत असूनही पुन्हा विचारून घेतले. पुढे एका माघ महिन्यात वाडीत पोपटी लावली होती. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला अंथरून, वालाच्या शेंगांवर ओवा आणि जाडे मीठ भुरभुरताना माझा हात कापत होता, कारण लिथियमने बोटांना बारीक कंप येतो. तिच्या वर्गातल्या एका मुलाने विचारले, “तुझ्या बाबांचा हात का गं थरथरतो?” ती म्हणाली, “गोळीनं. लिथियमची असते. ती घेतली की बाबा बरे असतात.” “मग मीठ तू टाक ना,” तो म्हणाला, आणि तिने टाकले. मी जरा बाजूला सरकून गोवऱ्या रचू लागलो. त्या संभाषणाला गावातील प्रौढ माणसांनी किती वर्षे लावली असती, ह्याचा हिशेब मी करत बसलो नाही.

मिठाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. 1949 साली ऑस्ट्रेलियातील जॉन केड ह्या डॉक्टरने उन्मादावर उपयुक्त ठरवलेले हे लिथियम शरीरातील मिठापाण्याशी बांधलेले असते. वैशाखात घाम फार गेला, पाणी कमी पडले किंवा कोणाच्या सांगण्यावरून एकाएकी मीठ तोडले, तर रक्तातील त्याची पातळी धोकादायक वाढते, म्हणून शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त देऊन ती वेळोवेळी तपासून घ्यावी लागते. घरातील मुलाला एवढे ठाऊक असले, की बाबांचे पाय लडखडू लागले, जुलाब-उलट्या सुरू झाल्या, तर ‘पुन्हा वेड लागलं’ असे न म्हणता डॉक्टरांना कळवायचे, तर ते ज्ञान त्या घराच्या उपयोगाचेच आहे.

आता सरकारदरबारी काय व्हावे, ते सांगतो. नॉर्वेने 2010 सालापासून आरोग्यसेवकांवर कायदेशीर कर्तव्यच लादले आहे, की प्रौढ रुग्ण मनोविकाराचा, व्यसनाचा किंवा गंभीर शारीरिक व्याधीचा असेल, तर त्याला अल्पवयीन मुले आहेत का, ह्याची चौकशी करून त्या मुलांना आवश्यक ती माहिती व आधार मिळेल हे पाहावे. येथे आई आणि बाप असा भेद नाही. आमच्याकडे मी आजवर भरलेल्या केसपेपरांवर वय, धर्म, व्यवसाय, विवाहित की अविवाहित, नातेवाइकाचा पत्ता, सर्व काही विचारले गेले. मुले किती, त्यांची वये काय आणि सध्या ती कोणाकडे आहेत, हे कोणी विचारले नाही. हा एक रकाना वाढवण्यासाठी संसदेचे अधिवेशन लागत नाही, राज्याच्या आरोग्य खात्याचे एक परिपत्रक पुरे आहे. त्याच परिपत्रकात मनोविकार-समाजसेवकाने दाखल रुग्णाच्या मुलांशी, रुग्णाची संमती घेऊन, एकदा तरी बसून बोलावे, असा दंडक घालता येईल. मनुष्यबळ अपुरे आहे हे मला ठाऊक आहे. परंतु हे बोलणे अर्ध्या तासाचे असते, आणि त्या अर्ध्या तासासाठी कोणते नवे यंत्र खरेदी करावे लागत नाही.

रुग्णानेही आपल्या बाजूने एक गोष्ट करावी. नव्या कायद्याच्या कलम 5 अन्वये प्रत्येक प्रौढ माणसाला, पुढे आजार बळावल्यास आपल्यावर कसे उपचार व्हावेत, ह्याचा आगाऊ निर्देश लिहून ठेवता येतो आणि कलम 14 अन्वये आपला प्रतिनिधी नेमता येतो. उपचारांविषयीच्या त्या कागदाला जोडून बापाने आणखी एक साधे पत्र ठेवावे: मुले कोणाकडे राहतील, शाळेत कोणाला कळवायचे, आणि मुलांना काय शब्दांत सांगायचे. त्या पत्राला कायद्याचे बळ नसेल, पण गडबडीच्या रात्री काकांच्या आणि आत्याच्या हाती काहीतरी ठरलेले असेल.

राहता राहिली भेट. रुग्णालयात मुलांना आत सोडू नये असे म्हणणाऱ्यांची भीती कोंडलेल्या, आरडाओरड्याच्या वॉर्डाची आहे, आणि ती रास्तही आहे. म्हणून भेट वॉर्डात नको. आवारातल्या एखाद्या स्वच्छ खोलीत, दोन खुर्च्या आणि एक चटई असलेल्या जागी ती व्हावी, तेथे समाजसेवक जवळ असावा, आणि बापाची प्रकृती त्या दिवशी ठीक नसेल तर मुलाला तसे सांगून भेट पुढे ढकलावी. वेळ मात्र रविवारची ठेवावी. किहीमहून ठाण्याला जाऊन संध्याकाळपर्यंत परतायचे म्हणजे पहाटेच निघावे लागते, आणि इतर वारी मुलांना शाळा असते.